तारीख मारायची राहिली

दुकानात वस्तू हातात घेतली की ती उलटीपालटी करून तारीख शोधायची, हे आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलं आहे. तारीख सापडतेच असं नाही. पाकिटाच्या एका कोपऱ्यात लिहिलेलं असतं, 'उत्पादनाची तारीख, बॅच क्रमांक व किंमत यांसाठी पाकिटाच्या वरच्या कडेवर पाहा.' वरच्या कडेवर पाहावं, तर तिथे पाकीट चिकटवताना पडलेल्या बारीक बारीक चुण्या असतात आणि त्या चुण्यांत काहीतरी काळसर दडून बसलेलं असतं. मग काका चष्मा कपाळावर चढवतात, पाकीट उजेडाकडे धरतात, काकूंना विचारतात, काकू शेजारच्या कॉलेजातल्या मुलाला विचारतात, आणि तो मुलगा मोबाइलवर फोटो काढून दोन बोटांनी मोठा करतो. फोटोतही चुण्याच दिसतात. दुकानदार एवढा वेळ शांत असतो. शेवटी म्हणतो, "घ्या ओ काका बिनधास्त, कालच माल आलाय." काल आला हे खरंच असतं. निघाला कधी, असा प्रश्न होता.

तारीख टाकण्याच्या या कामाला कारखान्यात 'तारीख मारणं' म्हणतात, आणि बऱ्याच ठिकाणी ती मारते एक काळी चकचकीत रिबन. संगमनेर-श्रीरामपूरकडचं दूध असो, सुप्याच्या किंवा नागापूरच्या एमआयडीसीतून निघालेलं खोकं असो, आमच्या नगर जिल्ह्यातून बांधून बाहेर पडणाऱ्या कितीतरी मालाचं जन्मगाव, जन्मतारीख आणि किंमत या रिबनीनेच जगाला कळते. एवढा अधिकार तहसीलदारालाही नाही. तहसीलदार निदान दाखल्याच्या आधी तलाठ्याचा कागद मागतो, रेशनकार्डाची झेरॉक्स मागतो. रिबन काही मागत नाही. कळफलकावर जे बडवलं असेल ते ती निमूटपणे छापते. तीस फेब्रुवारी बडवली तर तीस फेब्रुवारी.

ही फीत बोटांत धरून पाहिली तर विश्वास बसत नाही. तिच्या मुळाशी असलेली पॉलिस्टरची फिल्म साधारण साडेचार मायक्रॉन जाडीची असते. माणसाचा केस सरासरी सत्तर मायक्रॉन धरला, तर अशा पंधरा फिल्म एकावर एक ठेवाव्यात तेव्हा कुठे एक केस होतो. आणि एवढ्याशा जागेत भाडेकरू किती! पाठीला एक गुळगुळीत लेप, प्रिंटरच्या तापलेल्या हेडवरून फीत न चिकटता सरकावी म्हणून. मधे फिल्म. चांगल्यातली असेल तर पोटाकडून एक सोडवणारा थर, शाईने वेळ आल्यावर फिल्मचा हात सोडावा म्हणून. आणि सगळ्यांत खाली शाई. वरून हेड. त्याच्यावर इंचाला २०३, म्हणजे मिलिमीटरला आठ बारीक ठिपके असतात, आणि प्रत्येक ठिपका डोळ्याचं पातं लवायच्या आत तापतो आणि निवतो. खालून रबरी रूळ लेबलाला रिबनीवर दाबून धरतो. जिथे ठिपका तापला तिथली शाई फिल्म सोडते आणि लेबलाला जाऊन चिकटते. बस, एवढंच. १९८१ साली जपानच्या सातो कंपनीने या पद्धतीचा पहिला लेबल प्रिंटर काढला. तेव्हापासून उष्णता आणि दाब या दोन गोष्टींवर जगभरच्या गोदामांचा कारभार चालला आहे. आमच्याकडे त्याआधीपासूनच बराच कारभार या दोन गोष्टींवर चालत होता, पण त्याचं पेटंट कोणी घेतलं नाही.

रिबनीचे प्रकार तीन: वॅक्स, रेझिन आणि दोघांच्या मधला वॅक्स-रेझिन. सहकारात मुरलेल्या नगरी माणसाला हे तीन प्रकार वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत. वॅक्स म्हणजे साधा सभासद. थोडं गरम केलं की विरघळतो, कागदाला लगेच चिकटतो, स्वस्तात पडतो, पण नखाने खरवडलं की निघूनही जातो. रेझिन म्हणजे जुना संचालक. त्याला हलवायला भरपूर ताप द्यावा लागतो, गुळगुळीत प्लास्टिकच्याच लेबलावर बसतो, पण एकदा बसला की पाणी, तेल, रसायन, ऊन, कशालाच दाद देत नाही. पाच वर्षं हलत नाही. वॅक्स-रेझिन हा दोन्ही पॅनेलच्या सभेत पुढच्या रांगेत बसणारा. कागदाशीही जमतं, प्लास्टिकशीही जमतं, आणि बाजारात मागणी त्यालाच चांगली आहे.

सावेडीत लेबलं छापून देणारा माझ्या ओळखीचा एक जण आहे. तिथे तासभर बसलं की करमणुकीला दुसरीकडे जावं लागत नाही. रिबनमध्ये शाई आतल्या बाजूला असलेली आणि बाहेरच्या बाजूला असलेली असे दोन भाऊ असतात आणि ते दिसायला जुळे असतात. यंत्राला एकच चालतो. चुकीचा चढवला की शाई लेबलाकडे न जाता हेडच्या अंगावर जाते. लेबल कोरं, हेड काळं, आणि पोरगा म्हणतो, "प्रिंटर बिघडला." कुठली बाजू शाईची हे ओळखायची खरी रीत सोपी आहे. लेबलाचा चिकट भाग रिबनीला लावून ओढायचा, ज्या बाजूने काळं उपटून येईल ती शाईची. पण आपल्याकडे ही परीक्षा शर्टाच्या बाहीवर घेतात. या धंद्यातला माणूस ओळखायचा तर त्याची उजवी बाही पाहावी.

छापलेलं पुसट आलं की उपाय एकच: डार्कनेस वाढवणे. हेडला जास्त ताप द्यायचा. पुन्हा पुसट आलं की पुन्हा वाढवायचा. खरं म्हणजे कागदाला रेझिन लावलेला असतो, किंवा प्लास्टिकला वॅक्स, किंवा वेग एवढा ठेवलेला असतो की शाईला उतरायला सवडच मिळत नाही. पण वेग कमी करा म्हटलं तर शेठ येऊन उभे राहतात. म्हणून डार्कनेस. शेवटी फीत चुरगळते, लेबलावर तिरप्या पांढऱ्या रेघा उमटतात, आणि मग पोरगा हेड पुसायला घेतो. हेड पुसायचं ते आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडाने, असं डब्यावर चित्र काढून सांगितलेलं आहे. मी मात्र पितळी चावी, नेलकटर आणि एकदा दाढीचं ब्लेड वापरलेलं डोळ्यांनी पाहिलं आहे. ब्लेडवाल्याचा हात अतिशय हलका होता हे कबूल करायला हवं. तरी त्यात हेडचा एक ठिपका गेला.

ठिपका गेला म्हणजे काय होतं? लेबलागणिक त्याच जागी, वरपासून खालपर्यंत, दोऱ्यासारखी पांढरी रेघ येते. दिसायला किरकोळ. पण वैधमापनशास्त्राच्या २०११च्या नियमांप्रमाणे लहान पाकिटावरच्या मजकुराचं अक्षर किमान एक मिलिमीटर उंचीचं असलं तरी चालतं, आणि आपल्याकडे 'किमान' म्हटलं की सगळे तेवढंच देतात. एक मिलिमीटरचं अक्षर म्हणजे उंचीला ठिपके आठ आणि रुंदीला त्याहून कमी. त्यातला डाव्या अंगाचा एक गेला, तर इंग्रजी आठाचा तीन व्हायला कितीसा वेळ लागतो? ऑगस्टचा माल मार्चचा होतो. अठ्ठ्याऐंशी रुपयांचा डबा गिऱ्हाईक अडतीसला मागतं, आणि दुकानात जो संवाद होतो तो इथे छापता येण्यासारखा नसतो.

पूर्वी हे हेड-बीड प्रकरण नव्हतं. अजूनही छोट्या कारखान्यांत जुनी तऱ्हा दिसते: एका खाचेत धातूचे उलटे कोरलेले बारीक आकडे बसवायचे, तो ठसा तापवायचा, आणि रिबन मधे ठेवून पाकिटावर दाबायचा. रोज शिफ्ट बदलली की चिमट्याने कालचा आकडा काढून आजचा बसवायचा. हे काम करणाऱ्याला पंचांगकर्त्याएवढीच जोखीम असते आणि पगार त्याहून कमी. आकडे तांदळाएवढे, तापलेले, आणि यंत्राखाली पडले की शेठ निवृत्त होईपर्यंत सापडत नाहीत. इंग्रजी नऊ हरवला तर सहा उलटा बसवून भागतं, ही सोय आहे. पण दोन हरवला तर? या शतकात दोनाला मरण नाही. २२/०२/२०२२ या तारखेत आठ आकड्यांपैकी सहा दोन आहेत. ज्यांच्या पेटीत पाचच दोन होते त्यांनी त्या मंगळवारी काय केलं असेल, याचा विचार करून मला आजही त्यांच्याबद्दल कणव येते. माझा अंदाज, त्यांनी आदल्या दिवशीचाच माल जास्त काढला.

आता नगरच्या नावाकडे वळू, कारण आमच्या जिल्ह्यात रिबनीला खरा मान मिळाला तो त्यामुळे. ३१ मे २०२३ला, अहिल्यादेवींच्या जयंतीला, त्यांच्या जन्मगावी, जामखेड तालुक्यातल्या चौंडीत नामांतराची घोषणा झाली. १३ मार्च २०२४ला राज्य मंत्रिमंडळाने ठराव केला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात केंद्राची मान्यता आली. पुण्यश्लोक अहिल्यादेवींचं नाव जिल्ह्याला लागलं याचा आनंद लोकांनी आपापल्या परीने साजरा केला. लेबलवाल्यांनी तो डार्कनेस वाढवून साजरा केला. कारण पिशव्या, खोकी, पत्रकं, सगळ्यांवर 'जि. अहमदनगर' असा मजकूर आधीच छापून गोदामात रचून ठेवलेला. छापलेली लाखाची थप्पी फेकून द्यायला कोण तयार होणार? त्यावर उपाय म्हणजे चिकटपट्टी. छोटंसं पांढरं लेबल, त्यावर रिबनने 'जि. अहिल्यानगर', आणि ते जुन्या नावावर नेमकं चिकटवायला चार मावश्या.

यात एक गंमत आहे. इंग्रजीत जुन्या नावाची अक्षरं दहा, नव्याची अकरा. एका अक्षराने काय बिघडतं, असं कुणालाही वाटेल. पण लेबलावर एकेक ओळ मोजूनमापून बसवलेली असते. अकरावं अक्षर आलं की शेवटचा 'आर' कडेवरून खाली पडतो आणि माल 'अहिल्यानगा'हून निघतो. तरी आम्ही सुटलो. शेजारच्या औरंगाबादचीही अक्षरं दहाच होती. छत्रपती संभाजीनगर झाल्यावर मधली मोकळी जागा धरून ती पंचवीस झाली. तिथल्या लेबलवाल्यांनी अक्षर बारीक केलं की लेबल मोठं केलं हे विचारायचं राहून गेलंय. पलीकडचे धाराशिवकर मात्र भाग्यवान. उस्मानाबाद नऊ अक्षरी, धाराशिवही नऊ अक्षरी. एक ठिपका इकडचा तिकडे झाला नाही. असं नामांतर पुन्हा होणे नाही.

रिबनच्या खर्चात या अक्षरांमुळे काडीचाही फरक पडत नाही, हे शेठ लोकांना पटवणं फार अवघड जातं. साध्या लेबल प्रिंटरात फीत लेबलाच्या लांबीइतकी पुढे सरकते. लेबल शंभर मिलिमीटरचं असेल तर रिबनही शंभर मिलिमीटरच जाणार, मग त्यावर एक ठिपका छापा नाहीतर अख्खी वंशावळ. "म्हंजे कमी छापलं तरी तेवढीच जाती?" असं विचारून एक गृहस्थ माझ्यासमोर पाच मिनिटं गप्प बसले होते. मग म्हणाले, "मंग मालकाचं नाव जरा मोठं घ्या की. खाली मोबाइल नंबर टाका. आन् वर श्री टाका." फुकट गेलेल्या जागेचं त्यांना मनापासून दुःख झालं होतं.

नाव मराठीत छापायचं म्हटलं की आणखी निराळा खेळ. बऱ्याच लेबल प्रिंटरांच्या पोटात स्वतःचे जे टंक असतात त्यांत देवनागरी नसते. मजकूर चित्र म्हणून पाठवावा लागतो, आणि पाठवणारी संगणक-प्रणाली जुनी असेल तर वाटेत वेलांटी 'ह'च्या पुढे जाऊन उभी राहते आणि 'ल्या'मधला 'ल' पाय मोडून बसतो. पूर्वीच्या नावात ना वेलांटी होती ना जोडाक्षर. सात अक्षरं सरळ रांगेत उभी. त्यामुळे इतकी वर्षं आपल्या प्रिंटरला मराठी येतं असाच सगळ्यांचा समज होता. बोलताना मात्र कुणालाच अडचण नाही. माळीवाडा स्टँडवर उतरणारा माणूस १४९०पासून आजतागायत कुठल्याही राजवटीत 'नगरला आलोय' असंच सांगत आला असणार, आणि या जिल्ह्याचं हे तीन अक्षरी नाव कुठल्याही लेबलावर बसतं.

नावाची धावपळ ओसरते तोच २२ सप्टेंबर २०२५पासून जीएसटीचे दर बदलले. तूप, लोणी बारा टक्क्यांवरून पाचावर आलं. पुन्हा चिकटपट्ट्या, पुन्हा रिबन. पण या वेळी अघटित घडलं: जुनी किंमत जास्त आणि वर चिकटवलेली नवी किंमत कमी! आपल्या गिऱ्हाइकाची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय म्हणजे किमतीवरची पट्टी नखाने सोलून खालची खरी किंमत काढायची आणि दुकानदाराला रंगेहाथ पकडायचं. त्या दिवसांत लोकांनी दुकानात उभं राहून पट्ट्या सोलल्या आणि खालची जास्त किंमत बघून पुन्हा हळूच चिकटवून ठेवल्या.

या रिबनीची एक श्रीमंत बहीण आहे, लग्नपत्रिकेवरची सोनेरी फॉइल. घडण तीच. पॉलिस्टर, त्यावर सोडवणारा थर, रंगाचा थर, मग चिकटणारा थर. फक्त मधे निर्वात यंत्रात चढवलेलं धातूचं धुकं, आणि तो धातू ॲल्युमिनियम. वर पिवळा रंग असल्यामुळे आपल्याला सोनं दिसतं. तापलेला ठसा दाबला की गणपती उमटतो. २०२५मध्ये सोनं तोळ्याला लाखाच्या पुढे गेलं, वधूपित्याने बांगड्यांचं वजन निम्म्यावर आणलं, पण पत्रिकेतल्या गणपतीच्या मुकुटाला त्याची झळ लागली नाही. आमच्याकडच्या पत्रिकेत प्रमुख उपस्थितांची यादी आमदारापासून माजी उपसरपंचापर्यंत जाते. कोणाचं नाव सोनेरी आणि कोणाचं नुसतं लाल, यावरून पुढच्या सोसायटीच्या निवडणुकीचा निकाल लागतो. तिथे फॉइल वाचवू नये.

ज्यांना रिबनचा खर्चही नको त्यांच्यासाठी बिनरिबनीचा कागद आहे, तापला की स्वतःच काळा पडणारा. एसटीच्या मशीनमधलं तिकीट, पेट्रोलपंपाची पावती, टीव्हीचं बिल, सगळं त्याच्यावर. टीव्हीची वॉरंटी टीव्हीएवढी टिकते, बिल गणपतीपासून शिमग्यापर्यंत. बियाण्याच्या पिशवीच्या टॅगचं असं होऊन चालत नाही. राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे म्हणून आमच्याकडे हा टॅग शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पैदासकार बियाण्याला पिवळा, पायाभूतला पांढरा, प्रमाणितला निळा. उगवण झाली नाही तर तक्रार करायला पावती, पिशवी आणि हा टॅग हाताशी लागतो. टॅगवरचा लॉट नंबर छापायला कोणी चार पैसे वाचवून वॅक्स वापरला आणि तो टॅग शेतकऱ्याच्या खिशात एक पावसाळा घामाने भिजला, तर पंचनाम्याच्या दिवशी निळ्या रंगाशिवाय त्यावर काही उरत नाही. इथे विनोद संपतो. अशा ठिकाणी रेझिनच लावायला हवा, आणि तो किती महाग पडतो हे विचारायचं नसतं.

वापरून झालेली रिबन हा तर दस्तऐवजच असतो. जिथली शाई लेबलावर गेली तिथे फीत पारदर्शक होते, म्हणजे दिवसभर जे जे छापलं ते सगळं तिच्यावर पांढऱ्यात शिल्लक राहतं. तीनशे मीटरची रिबन उलगडून उजेडाकडे धरली की कोणाचा माल किती गेला, कोणत्या बॅचची तारीख संध्याकाळी बदलली, शेठने मेहुण्याला कोणता भाव लावला, सगळं वाचता येतं. जाणते कारखाने म्हणूनच ती नष्ट करून मग टाकतात. आपल्याकडे ती मागच्या दाराने बाहेर पडते. पारनेरच्या वाटेवर एका ज्वारीच्या शेतावर अशा काळ्या फिती काठीकाठीला ताणून बांधलेल्या पाहिल्या. वाऱ्यावर फडफडत होत्या, चमकत होत्या. पाखरं कणसांकडे येत, फितीवरची सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत पाहत आणि निघून जात.

तर सर्व पिशवीवाल्यांना एक विनंती. तुमच्या दुधाच्या पिशवीवर हिरवंगार कुरण आहे, हसरी गाय आहे, उगवता सूर्य आहे, पिशवीचा निम्मा भाग तर नुसतं आभाळ आहे. जोडावरची ती जागा सोडा. गाईला जरा डावीकडे घ्या आणि तारीख आभाळात छापा.